भास्करअण्णांच्या दोन थाळ्या

अर्जात माणसाचे वर्णन तीन घरांत आटोपते: नाव, वय, धंदा. भोरच्या कचेरीसमोर लिंबाखाली बैठक मांडून मी आजवर असंख्य माणसे या तीन घरांत बसवली आहेत. माझे शिक्षण मराठी पाचव्या इयत्तेपर्यंतच झाले असले, तरी माझ्या अर्जात खोड काढणारा कारकून मला अद्याप भेटलेला नाही. मात्र भास्करअण्णांना या घरांत बसवावयास गेलो, तर धंद्याच्या घरात ‘फोटो काढणे’ असे लिहावे लागेल, आणि तेथेच वर्णन खोटे पडेल. फोटो काढणे हे त्यांच्या लेखी पाव काम होते. उरलेले पाऊण काम त्यांच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या दाण्यांच्या कोठीत, अंधारात, चालत असे.

ही कोठी मी पाहिली आहे. एक माणूस आत उभा राहिला, तर दुसऱ्याने दाराबाहेरच थांबावे इतकी ती अरुंद होती, आणि तिचे दार ओसरीवर होते. झरोक्याला डांबराचा कागद, भेगांना शेणमातीचा लेप, फळीवर लाल काचेचा कंदील, आणि त्याखाली इनॅमलच्या दोन थाळ्या. पुण्याचे फोटोवाले एकाच थाळीत फोटोची काच काढतात, म्हणजे औषधात बुडवून तीवरचे चित्र उमटवतात, हे अण्णांना ठाऊक होते. परंतु त्यांचे म्हणणे असे, की पुण्याच्या दुकानात पडदा लावून ऊन अडवता येते, आमच्या डोंगरात उन्हाला कोण अडवणार? शेतकरी पांढरे पागोटे बांधून भर उन्हात उभा राहतो, आणि पागोट्याखालचा चेहरा उन्हाने रापलेला असतो. एका थाळीत काढले तर पागोटे तेवढे उमटते आणि माणूस नाहीसा होतो. म्हणून दोन थाळ्या. पहिलीत पुण्याहून येणारे औषध, दुसरीत नुसता धुण्याचा सोडा.

याचे मर्म मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सोपं आहे, अर्जनवीस. पहिल्या थाळीत काचेनं पोट भरायचं, दुसऱ्या थाळीत काम करायचं. जेवढं पोटात आहे तेवढंच काम होतं. पागोट्याचं काम लवकर आटपतं, त्याची शिदोरी संपते. चेहऱ्याचं सावकाश चालू राहतं.”

“आणि पोट भरल्याशिवाय थेट दुसरीत घातली तर?”

“तर तुमच्यासारखी होईल. कागद पुष्कळ, मजकूर काही नाही.”

असे बोलणे त्यांच्याकडून ऐकून घ्यावे लागे. मीही ऐकून घेत असे, कारण ते सर्वांशीच तसे बोलत. एकदा एक पाटील मिशांना तूप लावून फोटोला बसले होते. अण्णांनी काळ्या कापडाखालून डोके बाहेर काढून म्हटले, “पाटील, मिशा तुमच्या आहेत हे मान्य. आता जरा चेहराही आपलाच आहे असं दाखवा.” पाटील संतापून उठणार, तोवर अण्णांनी कॅमेऱ्याचे झाकण उघडून मिटले होते. तो फोटो पाटलांच्या सोप्यात अजून टांगलेला आहे, आणि त्यात पाटील खरोखरच पाटील दिसतात.

घरात त्यांच्याशिवाय एकच माणूस होते. त्यांची थोरली बहीण, अक्का. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांच्या स्वयंपाकघरात एका भांड्यातला हात मध्ये धुतल्यावाचून दुसऱ्या भांड्यात गेलेला कोणी पाहिला नसेल. अण्णांच्या औषधांना त्या ‘तुझी ती घाण’ म्हणत, परंतु कोठीत उंदीर शिरू नये म्हणून राखण त्यांचीच असे.

आता मुख्य हकिगत सांगतो.

वेल्ह्याच्या वर डोंगरात एक धनगरवाडा आहे. तेथील बिरू नावाचा वयस्क धनगर माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आला. तक्रार अशी, की वाड्यातली गुरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने टाक्यातल्या पाण्यावर जातात, ती वाट खालच्या इनामदाराने काटेरी कुंपण घालून बंद केली. वाटेच्या तोंडाशी जुना कोरीव धोंडा उभा होता. गुरांना पाण्याची मोकळीक आहे, असा मजकूर त्यावर होता. दुसरा दाखला कोणताही नव्हता. ते दिवस चैत्रअखेरीचे. खालचे ओढे आटलेले, आणि टाके सोडून त्या डोंगरात गुरांच्या तोंडाला लागेल असे पाणी नव्हते.

“दोन म्हसरं बसलीत, पुन्यांदा उठंनात,” बिरू म्हणाला. “साहेब पाहनीला येस्तवर बाकीची बी बसतील.”

मी अर्ज लिहिला, आणि अर्जासोबत धोंड्याचा फोटो रुजू करावा अशी सूचना केली. माझ्या धंद्यातही कधी नवी गोष्ट सुचते, ती अशी.

अण्णा निघाले. विंझरपर्यंत बैलगाडी, पुढे चढण. कॅमेऱ्याची पेटी बिरूने डोक्यावर घेतली. धोंड्यापाशी पोचलो तेव्हा दुपार होती, आणि एका हिरड्याची सावली त्यावर आडवी पडली होती. अक्षरे झिजलेली. मी म्हटले, खडूने अक्षरे भरून घ्यावी, म्हणजे स्वच्छ दिसतील.

“पुराव्याला रंग लावायचा?” अण्णा माझ्यावर उसळले. “उद्या सामनेवाला म्हणेल अक्षरं अर्जनविसानं लिहिली. आणि तुमचं अक्षर ओळखू येतं हो, फार वळणदार असतं.”

ते थांबले. ऊन कलू लागले. तिरप्या उन्हाने एकेका अक्षराच्या कडेला सावलीची रेघ धरली, आणि जे मला दिसत नव्हते ते दिसू लागले. तरी अर्धा धोंडा उन्हात आणि अर्धा सावलीतच राहिला. त्यांनी दोन काचा घेतल्या. युद्धामुळे पुण्यात काचा मिळेनाशा झाल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ चांगल्या अशा त्या दोनच उरल्या होत्या.

त्या प्रवासात एक गोष्ट मला खटकली होती. अण्णा हात सारखे कोटाच्या खिशात ठेवीत, किंवा त्यांवर लोकरी मोजे चढवीत. भोरात लोक चेष्टा करीत, की अण्णा आता साहेब झाले. नमस्कारालाही हात बाहेर काढीत नसत, आणि मी तो माझा अवमान समजत असे.

परत आल्यावर मी रोज फोटो मागू लागलो, आणि ते रोज ‘उद्या’ म्हणू लागले. वेल्ह्याच्या कचेरीतली तारीख जवळ आली. शेवटी तारखेच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. फोटो घेतल्यावाचून उठणार नाही, असे सांगितले. इतक्यात घामाने निथळलेला बिरू दारात उभा राहिला. तो रात्रभर चालून आला होता.

“धोंडा फोडला,” तो म्हणाला. “घनानं फोडून घळीत ढकलला. म्या गुरं घिऊन गेलो तर नुसता खड्डा. आन इनामदाराची मानसं वर हसत्यात, म्हनत्यात कसला धोंडा? हितं कवा धोंडा व्हता?”

मी अण्णांकडे पाहिले. बिरूने पाहिले. अण्णांनी खिशातून हात काढले आणि मोजे उतरवले. बोटांची कातडी भाजल्यासारखी सोललेली होती, सांध्यांवर चिरा पडून त्यांतून रक्त येत होते.

“पहिल्या थाळीतलं औषध अंगाला सोसेनासं झालंय,” ते म्हणाले. “वैद्य म्हणतात, पुन्हा हात घातलात तर बोटं जातील. होळीपासून काचा अक्का काढते. मी दाराशी उभा राहून सांगतो. आणि होळीपासून एकही काच धड आलेली नाही.”

त्यांनी एका लग्नाच्या काचा आणून उजेडाला धरल्या. नवरानवरी धुक्यात उभी असावीत तशी फिकट, आणि अंगावरून पाण्याचे ओघळ गेल्यासारखे पट्टे. म्हणजे धोंड्याच्या काचा त्यांनी भीतीपोटी काढल्याच नव्हत्या. धोंडा जागेवर आहे तोवर पुन्हा जाता येईल, या भरवशावर ते होते. आता तो भरवसा घळीत पडला होता.

“एकाच थाळीत दोन्ही औषधं मिसळली तर?” मी सुचवले.

“तर उन्हातला अर्धा धोंडा कोळसा होईल आणि सावलीतली अक्षरं जातील. हुकूम अर्ध्या मजकुरावर मिळतो का?”

मिळत नाही, हे मला माहीत होते.

“खोट सोड्यात असणार,” अण्णा म्हणाले. “हवेनं ओला होतो, वजन खोटं पडतं.” त्यांनी सोडा लोखंडी तव्यावर परतून कोरडा केला, पुन्हा जोखला, नवी थाळी भरली. त्याने धीर येऊन त्यांनी धोंड्याची पहिली काच काढावयास घेतली. अक्का आत गेल्या. अण्णा दाराला पाठ लावून उभे राहिले, उजेडाचा कण आत जाऊ नये म्हणून. आतून जपमाळेचे मणी सरकल्याचा आवाज येई. अक्का वेळ माळेवर मोजत.

“माळ झाली रे.”

“उचल. दुसरीत.”

काच बाहेर आली तेव्हा धोंड्याचा आकार होता, हिरड्याची फांदी होती. अक्षरांच्या जागी मात्र भिजून वाळलेल्या कापडावरचे डाग असतात तसे काहीतरी होते. बिरूने ती काच पाहिली, आणि मग अण्णांचे तोंड पाहिले.

“दुसरी हाय न्हवं?”

“आहे.”

“मग तिला हात नगा लावू. आधी दुखनं हुडका.”

असे त्याने निक्षून सांगितले, आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसला. अक्कांनी त्याच्यासाठी ताक आणून पायरीवर ठेवले. त्याने त्याला स्पर्श केला नाही.

अण्णांनी रद्दी काचा काढल्या. जुन्या, चुकून उजेड लागून वाया गेलेल्या. हिऱ्याच्या कणीने त्यांचे तुकडे पाडले आणि मला समजावले, की उजेड खाल्लेली काच दोन थाळ्यांतून गेली, की डांबरासारखी काळी झाली पाहिजे. न झाली, तर खोट थाळ्यांत. पहिला तुकडा राखेसारखा करडा आला. विहिरीचे पाणी जड असेल म्हणून त्यांनी उकळून गाळून थंड केलेले पाणी घेतले. पुन्हा राख. मग पहिल्या थाळीतले औषध शिळे धरून डब्याचा तळ खरवडला आणि उरलेसुरले सगळे नव्याने कालवले.

“आता यात बिघडलं तर पुढे काही नाही,” ते मला हळूच म्हणाले. बिरूला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, परंतु त्याने ऐकले.

तुकडा बाहेर आला. राख.

अण्णांनी तो आधीच्या दोन तुकड्यांशेजारी मांडून ठेवला. ऊन ओसरीवर चढत होते. तिसऱ्या प्रहरापूर्वी निघालो नाही, तर दुसऱ्या दिवशी वेल्ह्यास वेळेवर पोचणे शक्य नव्हते. मी त्यांना तसे बजावले.

“कोठीत जाते मी, अजून एक तुकडा घालून बघू,” अक्का म्हणाल्या.

“थांब.” अण्णांनी कपाळावर मनगट मारून घेतले. “अक्का, थांब. या काचेनं उजेड आधीच खाल्लाय. हिला अंधार हवाच कशाला? मी तीन तुकडे अंधारात काढले! आण थाळ्या इकडे, उन्हात आण. मला बघू दे.”

थाळ्या ओसरीवर आल्या. अक्कांनी आपली माळ घेतली, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, आणि पदर खोचून बसल्या. तुकडा पहिल्या थाळीत बुडवला. माळ फिरली. अण्णा वाकून पाहत होते. माळ संपली, अक्कांनी तुकडा दोन बोटांनी कडेला धरून उचलला, तांब्यातल्या पाण्यात बुचकळला, खळखळून दोनदा विसळला, पाणी झटकले आणि मग दुसऱ्या थाळीत ठेवला.

“हे काय?” अण्णा म्हणाले.

“काय?”

“मध्ये पाण्यात का घातलीस?”

“मग? एका भांड्यातलं बरबटलेलं तसंच दुसऱ्या भांड्यात घालू? अशी सवय नाही हो आपल्या घरात.”

“पण हे मी तुला सांगितलं कधी?”

“तूच नाही का बजावलंस, एका थाळीचा थेंब दुसरीत पडता कामा नये म्हणून?”

“दुसरीचा पहिलीत! दुसरीचा थेंब पहिलीत नको! पहिलीचं दुसरीत जायलाच हवं, तेच तर सगळं आहे! अगं अक्का, मी हिला पोटभर जेवू घालून कामाला पाठवतो, आणि तू वाटेत ओकायला लावतेस!”

बिरू एकदम हसला. त्या दिवसात तो प्रथमच हसला. “अन्ना, आमच्या म्हातारीनं बी त्येच केलं आसतं. तुमी भाईर उबं ऱ्हायचं आन आतल्याला म्हनायचं चुकला. वाघरू दिसत न्हाई तवर समदेच शिकारी.”

अक्का उठल्या होत्या. “म्हणजे लग्नाच्या त्या काचा माझ्या हातून गेल्या? आणि ती सकाळची?”

“माझ्या तोंडून गेल्या,” अण्णा म्हणाले. “निम्मं सांगितलं, निम्मं पोटात ठेवलं. बस. हा तुकडा घे. तांब्या नको.”

नवा तुकडा पहिलीतून उचलला, कोपरा थाळीच्या काठाला टेकवून निथळला, आणि तसाच दुसरीत गेला. आम्ही चौघे वाकून पाहत होतो. काच भराभर काळवंडली. बाहेर काढून अण्णांनी ती सूर्यासमोर धरली, तर सूर्यही तीतून दिसेना.

आता उरली एकच काच, आणि अक्का तिला हात लावण्यास तयार होईनात.

“तू कर. नाहीतर अर्जनवीस करतील. माझ्या हाताला ते वळण आहे, भास्कर. अंधारात हात आपोआप पाण्याकडे जाईल.”

मी कबूल करतो की माझे नाव निघताच मी दोन पावले मागे सरलो. अण्णांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिले. चिरांतून पुन्हा रक्त येत होते. त्या हातांनी काचेवरचा ओला थर ओरखडला असता, हे मलाही दिसत होते.

“म्हणून तर तूच,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा तुझा हात हलका आहे. तांब्या बाहेर ठेव, हंडा बाहेर ठेव. आत पाण्याचा थेंब नको. मग हात जाईल कुठे?”

बिरू उभा राहिला. “जावा आक्का,” तो म्हणाला. “गुरं तुमची न्हाईत आसं समजू नगा.”

अक्का आत गेल्या. दार लागले. अण्णांनी पाठ लावली. बिरू पायरीवर, मी खांबापाशी. मणी सरकत होते. मग ते थांबले. अक्कांचा आवाज येईना.

“अक्का?”

अण्णांचा हात दाराकडे गेला आणि परत आला. दार उघडले तर काच जाणार, न उघडावे तर आत काय चालले आहे कळणार नाही.

“अक्का, उचललीस का?”

“बोलू नको रे,” आतून आवाज आला. “हात धरलाय मी माझा.”

मग थाळीच्या काठाला काच टेकल्याचा किणकिण आवाज. आणि बऱ्याच वेळाने, हळू, स्वतःशीच बोलावे तसे: “उमटतंय. भास्कर, रेघा उमटतायत.”

चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या औषधात पडून काच सुरक्षित झाल्यावर दार उघडले. अण्णांनी ती ओसरीच्या उजेडाकडे धरली. बिरूने पाहिले आणि दचकला. “आरं! ह्यो तर उलटा झालाय. सावली पांडरी, ऊन काळं. सायेब म्हनंल धनगरानं दुसराच धोंडा आनला!”

“उन्हात कागद छापला की सुलटा होतो,” अण्णा म्हणाले, आणि मग मला म्हणाले, “अर्जनवीस, वाचा. डावीकडून नव्हे, उजवीकडून.” मी वाचले. सावलीतली अक्षरेसुद्धा वाचली.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या कचेरीत सामनेवाल्यांचा कारभारी ठासून म्हणाला, की त्या जागी धोंडा कधीच नव्हता. मी छापलेला फोटो रुजू केला. तो बनावट असल्याचे कारभाऱ्याने म्हणताच अण्णांनी मोजे घातलेल्या हातांनी मूळ काच पुढे ठेवली. साहेबांनी ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली. फोटोत धोंड्यामागे डोंगराची सोंड आणि टाक्याची कड होती. साहेबांनी कारभाऱ्याला विचारले, “ही सोंडही बनावट आहे काय?” हुकूम झाला: कुंपण काढावे, गुरांची पाण्यावरची वाट पूर्ववत चालू ठेवावी.

कुंपण निघाले त्या दिवशी अण्णा बिरूसोबत वर गेले. काम माझे संपले होते, तरी मीही गेलो. काटे बाजूला ओढले, आणि गुरे जी सुटली ती कोणाचे ऐकेनात. म्हशी एकमेकींवर आदळत टाक्यावर पडल्या. बसलेल्या दोन म्हशींपैकी एक उठून आली होती. दुसरी आली नव्हती. बिरूने तिचे नाव काढले नाही.

तो पावसाळा भास्करअण्णांनी पाहिला नाही. भोरात तापाची साथ आली, आणि त्या वेळी मी कामथडीस माझ्या मुलीकडे होतो. त्यामुळे मला ते दिसले ते त्या टाक्यावर, अखेरचे. चढणीने त्यांना तहान लागली होती. बिरू ओंजळीने पाणी देऊ लागला, पण त्यांनी मानेने नको म्हटले. चिंध्या बांधलेले हात मागे धरून त्यांनी गुडघे टेकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि दोन म्हशींच्या मधल्या जागेत वाकून थेट पाण्याला तोंड लावले. शेजारच्या म्हशीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, थोडी बाजूला सरकली, आणि पुन्हा पिऊ लागली.